मालधक्क्यावरचं शंटिंग कसं बघावं: नवख्यांसाठी

शंटिंग म्हणजे इंजिनाने वाघिणी (मालगाडीचे डबे) तोडून, जोडून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणं. ते बघायला पहिल्यांदा आलेला माणूस बहुतेक वेळ इंजिनाकडे टक लावून बसतो आणि तासाभरात कंटाळून निघून जातो. त्याचं फारसं चुकत नाही, कारण तासाभराच्या शंटिंगमध्ये इंजिन जेमतेम दहा-पंधरा मिनिटं हलतं. उरलेल्या वेळात काम चालतं ते जमिनीवर: रूळ बदलायचे सांधे फिरवणारा, हातात झेंडी घेतलेला सांधेवाला, शेवटच्या वाघिणीजवळचा ट्रेन मॅनेजर (म्हणजे गार्ड), दोन वाघिणींमधली हवेची नळी आणि रुळांमधली पांढरी खूण. नजर तिथे लावली, की काही घडत नाहीये असं वाटणारा वेळच सगळ्यात भरगच्च निघतो.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. एखाद्या गिरणीपुढे दोन वाघिणी सोडायच्या, वखारीतून एक उचलायची, असं सुट्या वाघिणींचं शंटिंग भारतात आता जवळपास संपलं आहे. मालगाडी आता रेकनेच चालते, म्हणजे एकाच प्रकारच्या वाघिणींची अख्खी गाडी एका ठिकाणी भरायची आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामी करायची. त्यामुळे महाराष्ट्रातल्या छोट्या गावी शंटिंग दिसतं ते ठरावीक प्रसंगी. रेक मालधक्क्याच्या रुळावर लावताना किंवा तिथून काढताना, मालधक्का आखूड असल्यामुळे रेक दोन तुकड्यांत लावताना, गाडीची दिशा बदलायची म्हणून इंजिन या टोकाचं त्या टोकाला नेताना, आणि एखादी वाघीण बिघडली म्हणून ती मधूनच काढताना. शेवटचा प्रसंग आगाऊ कळत नाही, पण गाठला तर मेजवानीच. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

कुठे आणि कधी

मालधक्का असलेलं, दोन-तीन लूप (मुख्य मार्गाला दोन्ही टोकांना जोडलेले बाजूचे रूळ) असलेलं आणि प्रवासी गाड्यांची गर्दी नसलेलं स्टेशन निवडा. नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या हंगामात लासलगाव, निफाड, खेरवाडी, नांदगाव या पट्ट्यात रेक भरले जातात. मनमाडला अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत आणि शेजारी पानेवाडीला इंधनाचे डेपो. सोलापूरजवळ पाकणीलाही इंधनाचा डेपो आहे. चंद्रपूर-वणी भागात कोळसा आणि सिमेंटचा राबता असतो. वेगळंच काही बघायचं असेल तर कोकण रेल्वेवर कोलाड आहे. १९९९ पासून तिथे भरलेले ट्रक रॅम्पवरून सपाट वाघिणींवर चढवून गोव्यात वेर्ण्याला नेतात. रॅम्प एका टोकाला असतो, पहिला ट्रक साऱ्या वाघिणींवरून चालत शेवटच्या वाघिणीपर्यंत जातो आणि बाकीचे त्याच्यामागे लागतात.

मालगाडीचं वेळापत्रक छापत नाहीत. अंदाज बांधायचा तो दोन गोष्टींवरून. पहिली म्हणजे प्रवासी गाड्यांचं वेळापत्रक: त्यात दीड-दोन तासांची मोकळी फट कुठे आहे ते शोधा. मुख्य मार्ग अडवावा लागणारं शंटिंग त्या फटीतच होतं. दुसरी खूण मालधक्क्याच्या फाटकाबाहेर दिसते. रेक येणार असल्याची वर्दी व्यापाऱ्याला आधी मिळते, त्यामुळे आदल्या रात्रीपासून ट्रकची रांग लागते, ताडपत्र्या उलगडल्या जातात आणि माथाडी कामगारांच्या टोळ्या सावली धरून बसतात. फाटकाबाहेरच्या चहावाल्याला विचारलंत तर रेक खताचा की सिमेंटचा आणि कितीला लागणार, हे बऱ्याचदा बिनचूक कळतं.

रिकामा करायला दिलेली मुदत उलटली की डेमरेज (उशिराचा आकार) सुरू होतं, आणि ते एकेका वाघिणीवर तासाच्या हिशोबाने लागतं. म्हणून रेक एकदा धक्क्याला लागला की पोती उतरवायचं काम रात्रीही थांबत नाही. रेक लागताना आणि निघताना शंटिंग होतं, मधले आठ-दहा तास फक्त हमाली. त्या वेळात घरी जाऊन जेवून या.

उभं कुठे राहायचं

याबाबत सूट नाही. प्लॅटफॉर्म तिकीट काढा. १० रुपयांत दोन तास मिळतात. फलाटाचं मालधक्क्याकडचं टोक चांगलं, पण उताराच्या पाटीच्या अलीकडेच थांबायचं. पादचारी पूल असेल तर त्याहून चांगली जागा नाही, कारण वरून साऱ्या रुळांचा नकाशा एका नजरेत दिसतो. लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकाबाहेरचा रस्ता ही तिसरी जागा. रुळांत, मालधक्क्याच्या आत किंवा यार्डाच्या पायवाटेवर परवानगीशिवाय जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावातले लोक रोज रूळ ओलांडतात हे खरं, पण ते कारण पुढे करता येत नाही.

कायद्यापेक्षा मोठी भीती आवाजाची आहे, म्हणजे आवाज नसण्याची. मागून ढकलली जाणारी वाघीण फार कमी आवाज करते, कारण घोंघावणारं इंजिन सहाशे मीटर लांब असतं. उभ्या रेकखालून वाकून पलीकडे जाणं तर कधीच नाही. इंजिन जोडलेलं नाही असं दिसलं तरी ते दुसऱ्या टोकाला लागत असेल, आणि त्याचा धक्का दोन-तीन सेकंदांत तुमच्यापर्यंत पोहोचेल.

वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि विजेचा झटका बसायला तारेला हात लागावा लागत नाही. दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नका. पुलावरून सेल्फीची काठी किंवा छत्री बाहेर काढू नका.

कपड्यांचं मात्र कुणी सांगत नाही. लाल किंवा हिरवा शर्ट, ओढणी, टोपी घालून रुळांजवळ उभं राहू नका, आणि लांबून ओळख दाखवायला हात हलवू नका. शंटिंगमध्ये सगळी भाषा हातांची आणि त्या दोन रंगांची असते. लाल काहीही जोरात हललं की लोको पायलटने थांबायचं असतं. रात्री टॉर्च आणि फ्लॅश बंद.

स्टेशन मास्तरांना आधी भेटून, बघायला आलोय, कुठे उभा राहू, एवढं विचारलं की निम्मी कामं सोपी होतात. गाडी घेत असताना विचारू नका. ते फोनवर नसतील तेव्हा जा. फोटोंचंही तेव्हाच विचारून घ्या. इंधन डेपोजवळ कॅमेरा आणि काडेपेटी दोन्ही पिशवीत ठेवा.

सोबत वही, पेन्सिल, घड्याळ, पाणी आणि जमल्यास साधी ८ पटीची दुर्बीण घ्या. दुर्बीण इंजिनासाठी नाही, वाघिणीवरचे आकडे आणि सांधेवाल्याचे हात दिसावेत म्हणून.

पहिलं काम: रुळांचा नकाशा काढा

गाडी यायच्या आधी पोहोचा आणि वहीत रेघा मारा. मुख्य मार्ग, त्याला दोन्ही टोकांना जोडलेले लूप, आणि लूपमधून फुटून मालधक्क्याकडे जाणारा रूळ. तो रूळ पुढे परत जोडला जातो की मातीच्या ढिगाऱ्याशी किंवा बफरशी संपतो, हे आधी बघा. डेड एंड असेल तर इंजिनाला पलीकडून बाहेर पडता येणार नाही, आणि अख्खं शंटिंग त्या एका गोष्टीवर ठरतं.

लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर. बीसीएन या जुन्या बंद वाघिणीची लांबी सुमारे १५.४ मीटर, त्यांचा ४२ चा रेक म्हणजे जवळपास ६५० मीटर. बॉक्सएन ही उघडी कोळशाची वाघीण १०.७ मीटर, ५८ वाघिणींचे ६२० मीटर. वर इंजिन २० मीटर आणि ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा). गाडी लूपमध्ये कशी काठोकाठ बसते ते यावरून कळेल. मालधक्क्याचा रूळ याच्या निम्मा असेल तर रेक तोडावाच लागणार, हे गाडी येण्याआधीच सांगता येतं.

मग दोन रूळ जिथे एकमेकांजवळ येतात तिथली फाउलिंग मार्कची खूण शोधा. ती रुळांच्या मधोमध आडवी, चुन्याने पांढरी केलेली असते. या खुणेच्या आत उभी असलेली वाघीण शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीला लागत नाही, बाहेर असलेली लागते. शंटिंगमधली निम्मी धावपळ या एका खुणेपायी होते. शेवटची वाघीण चार फूट जरी बाहेर राहिली तरी ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारी विजेची यंत्रणा) शेजारचा मार्ग व्यापलेला दाखवतं, सिग्नल पडत नाही आणि बाहेर एक्स्प्रेस उभी राहते.

मालधक्क्याचा रूळ जिथे लूपला मिळतो तिथे बहुधा एकच पातं असलेला अर्धवट सांधा दिसेल. तो ट्रॅप पॉइंट. धक्क्यावरची वाघीण आपोआप घरंगळली तर मुख्य मार्गावर जाण्याऐवजी तिथेच रुळावरून उतरावी म्हणून तो मुद्दाम ठेवतात. जमिनीलगतचे छोटे दिवे म्हणजे शंट सिग्नल: दोन पांढरे दिवे आडव्या रेषेत असले तर थांबा, तिरके झाले तर सावकाश पुढे.

आणि वर बघा. विजेची तार मालधक्क्यावर जाते का? उघड्या वाघिणीवर माणसं चढतात, क्रेन किंवा जेसीबीचा हात वर जातो, म्हणून पुष्कळ ठिकाणी तार धक्क्याच्या अलीकडेच संपते किंवा खांबावरच्या कुलपाच्या हँडलने तिथला पुरवठा तोडता येतो. तार अलीकडे संपत असेल तर विजेचं इंजिन आत जाऊच शकत नाही. ते तारेखाली राहून रेक पुढे ढकलणार, म्हणजे इंजिन मागे आणि वाघिणी पुढे.

वाघीण वाचणं

वाघिणीच्या अंगावर अकरा आकडे असतात. पहिले दोन प्रकार सांगतात: १० ते २९ उघडी, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाकी, ५५ ते ६९ सपाट, ७० ते ७९ हॉपर, ८५ पासून ब्रेकव्हॅन. पुढचे दोन मालकी रेल्वेचे. ०१ म्हणजे मध्य रेल्वे, ०८ पश्चिम, ०९ दक्षिण मध्य. पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष, मग चार आकडी क्रमांक, आणि अकरावा पडताळणीचा.

पडताळणीचा आकडा मजेशीर आहे. सम स्थानांवरचे पाच आकडे मिळवा, तिप्पट करा, त्यात विषम स्थानांवरचे पहिले पाच मिळवा. येणाऱ्या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. उदाहरणादाखल १००१०८२३४५ घ्या. सम स्थानांची बेरीज १७, तिप्पट ५१, विषम स्थानांची ७, एकूण ५८. साठाला दोन कमी, म्हणून अकरावा आकडा २. अंधारात किंवा कोळशाच्या काजळीतून उतरवून घेतलेला नंबर चुकला का, ते घरी बसून तपासता येतं.

भरलेली की रिकामी हे स्प्रिंगवरून ओळखा. भरलेल्या बॉक्सएनचं एकूण वजन ९० टनांच्या घरात असतं आणि बोगीचे स्प्रिंग दबून वळ्या जवळ आलेल्या दिसतात. रिकामी २२-२३ टनांची, स्प्रिंग मोकळे. आवाजही सांगतो: रिकामी पिंपासारखी घुमते. बीसीएनमध्ये पन्नास किलोची साधारण बाराशे पोती बसतात, त्यामुळे धक्क्यावर किती ट्रक लागतील याचा हिशोब तुम्हीही करू शकता.

हातांची भाषा

हिरवी झेंडी सावकाश वर-खाली: माझ्यापासून लांब जा. हिरवी झेंडी अंगासमोर डावी-उजवीकडे: माझ्याकडे ये. रात्री हेच हिरव्या दिव्याने. जोडणीसाठी अगदी हळू यायचं असेल तर दिवा डोक्यावर धरून मनगट फिरवतात. थांबण्यासाठी लाल झेंडी, नाहीतर दोन्ही हात सरळ डोक्यावर. हात हलवण्याचा वेगही बोलतो. हात संथ होत गेला की इंजिनानेही संथ व्हायचं. खुणा करणारा माणूस दिसेनासा झाला की लोको पायलटने थांबायचं असतं, मग कारण काहीही असो. वळणावर गाडी मध्येच का थांबली, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

सहाशे मीटरवरून झेंडी दिसत नाही, म्हणून वॉकीटॉकी. ढकलताना अंतर मीटरमध्ये नाही, वाघिणींत सांगतात. जवळून ऐकू आलं तर बहुतेक हिंदीतलं ‘आने दो, आने दो’ असं असतं, मग पाच, तीन, एक, आणि ‘बस’.

भोंग्याचे तीन संकेत पुरेत. एक लांब-एक आखूड: निघतोय, ब्रेक सोडा. दोन आखूड: खूण दाखवा. तीन आखूड: ट्रेन मॅनेजरने आपला ब्रेक लावावा. हा तिसरा ऐकू आला तर वही मिटा आणि आहात तिथेच उभे राहा. ट्रेन मॅनेजर म्हणजे २०२२ पर्यंतचा गार्ड. यार्डात अजून सगळे गार्डच म्हणतात.

रेक धक्क्याला लागताना: क्रम

गाडी लूपवर येऊन थांबते. लगेच काही होत नाही. स्टेशन मास्तर टी/८०६ हा शंटिंगचा लेखी हुकूम तयार करतात. त्यात कुठून कुठे, किती वाघिणी, कोणत्या रुळावर हे लिहिलेलं असतं आणि तो लोको पायलटच्या हातात पोहोचावा लागतो. कागद घेऊन जाणारा माणूस दिसला की घड्याळात वेळ टिपा.

आता समजा रेक अर्धा करायचा आहे. जो भाग मागे राहणार त्याचे हातब्रेक आधी आवळतात. वाघिणीच्या बाजूला गाडीच्या स्टिअरिंगएवढं चाक असतं, ते फिरवायचं; दोन्ही टोकांच्या किमान सहा-सहा वाघिणी. शिवाय चाकाखाली पाचर किंवा लोखंडी स्किड, आणि रुळाला साखळी-कुलूप. नवख्याला हा फापटपसारा वाटतो, कारण हवेचा ब्रेक तर लागलेलाच असतो. पण हवेचा ब्रेक गळतीने हळूहळू सैल पडतो. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआहून खडी भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना निघाली आणि ७० किलोमीटरच्या आसपास धावून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबवावी लागली. हातब्रेकच्या चाकाशी घाम गाळणारा माणूस का गरजेचा, ते यावरून कळावं.

मग तोडणी. नळीच्या दोन्ही बाजूंचे अँगल कॉक (हवा अडवणारे नळ) बंद करायचे. दोन्ही. एक उघडा राहिला आणि नळी सोडली तर ५ किलो दाबाची हवा नळीला सापासारखी आपटते आणि जवळच्याचा हात मोडू शकते. ब्रेक पाइप हिरवा, फीड पाइप पांढरा. काही वाघिणींना एकच असतो. नळ्या सुटल्या की कपलरची (वाघिणी जोडणाऱ्या लोखंडी पंज्याची) दांडी उचलतात. ताणात असलेला कपलर उघडत नाही, म्हणून इंजिन आधी मागे बोटभर दाबतं आणि मग पुढे ओढतं. फुसकन हवा, मग टणत्कार, मग हळूच वाढत जाणारी फट, या तीन गोष्टी ओळीने आल्या की तुकडा पडला असं समजा.

पुढचा तुकडा सांध्याच्या पलीकडे खेचला जातो. इथेच मोठी थांबाथांब होते. तुकडा लांब असेल तर तो स्टेशनच्या हद्दीबाहेर, पुढच्या स्टेशनच्या दिशेच्या मार्गात डोकावतो, आणि त्यासाठी तो मार्ग आधी पुढच्या स्टेशन मास्तरकडून अडवून घ्यावा लागतो. समोरून गाडी निघालेली असली तर ती येऊन जाईपर्यंत सगळे उभे. पाऊण तास काहीच घडत नसेल तर प्रवासी गाड्यांचं वेळापत्रक उघडा, कारण तिथेच सापडेल.

सांधा उलटला, ट्रॅप बंद झाला, शंट सिग्नलचे दिवे तिरके झाले, की ढकलणं सुरू. वेग जास्तीत जास्त ताशी १५ किलोमीटर; पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही मालाला ८. पुढच्या वाघिणीसोबत माणूस चालत असतो, कारण इंजिनातून पुढचं काहीच दिसत नाही. धक्क्यावरच्या बंद वाघिणींचे दरवाजे उघडे राहिले नाहीत ना, हेही तोच बघतो. लटकणारा दरवाजा खांबाला किंवा धक्क्याच्या कडेला अडकतो.

थांबल्यावर पुन्हा हातब्रेक, पुन्हा पाचर, आणि इंजिन एकटं दुसरा तुकडा आणायला परत. तेव्हा ते थेट जाऊन भिडत नाही. वीस-पंचवीस मीटर अलीकडे पूर्ण थांबतं, मग रांगत येतं.

जोडणी, आणि ती का फसते

कपलर म्हणजे दोन पंजे. किमान एकाचा पंजा उघडा हवा. दोन्ही मिटलेले असले तर धडक होते, आवाज येतो आणि काहीच जोडलं जात नाही. इंजिन मागे सरतं, दांडी उचलतात, पुन्हा येतं. वळणावर दोन पंजे एका रेषेत येत नाहीत, त्यामुळे तिथे जोडणी दोन-तीनदा फसणं नेहमीचंच. जोडल्यावर इंजिन एक हलका झटका देऊन बघतं, कुलूप बसलं का म्हणून. हा झटका न दिसता नळ्या जोडायला माणूस आत शिरला तर ते वाईट काम.

नळ्या जोडून कॉक उघडले की हवा भरायला लागते. इंजिनाजवळ ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाब आणि शेवटच्या टोकाला ४.८ च्या आसपास यायला लांब रेकमध्ये बरीच मिनिटं जातात. या वेळात कान द्या. एकसारखी शिट्टीसारखी फुसफुस एका जागेवरून येत असेल तर तिथलं रबर गेलेलं आहे. मिनिटाला ०.२५ किलोपेक्षा जास्त दाब पडत असेल तर गाडी निघत नाही. गळती शोधत कुणीतरी रेकभर चालतो.

याच्या उलट दोष म्हणजे ब्रेक न सुटणं. गाडी निघते आणि एका वाघिणीची चाकं फिरण्याऐवजी घासतात: जळका वास, निळसर धूर. कारण दोनपैकी एक: हातब्रेक तसाच राहिला किंवा वाघिणीच्या ब्रेकचा झडप अडकला. दुसऱ्यासाठी बाजूची रिलीज दांडी ओढतात. वेळीच लक्ष गेलं नाही तर चाकावर सपाट चट्टा पडतो आणि ती वाघीण पुढे गावागावांतून ठक-ठक-ठक करत जाते. चट्टा ६० मिलिमीटरहून मोठा झाला की मालवाघीण बाद.

जुन्या वाघिणींना रिकामी-भरलेली असं बदलायचं हँडल असतं. माल भरल्यावर ते फिरवायचं राहिलं तर ब्रेक कमी पकडतो. माल उतरवल्यावर राहिलं तर जास्त पकडून चाकं आवळून बसतात. रेक रिकामा झाल्यावर कुणी एकेका वाघिणीशी वाकून काहीतरी ढकलत जाताना दिसलं, तर ते हेच काम.

सांधा उलट बाजूला लावलेला असताना त्यावरून गाडी गेली तर पाती वाकतात. यार्डात त्याला पॉइंट बर्स्ट म्हणतात. खरा घोळ त्यानंतर होतो: गोंधळून गाडी मागे घेतली की पुढची चाकं एका रुळावर, मागची दुसऱ्यावर, आणि वाघीण खाली. म्हणून तिथे थांबून हलायचं नाही, हा नियम.

मधली वाघीण काढणं

गरम अ‍ॅक्सलची, म्हणजे चाकांचा कणा तापलेली, वाघीण म्हणजे छोट्या स्टेशनातलं सगळ्यात सुंदर कोडं. आधी स्वतः वहीत सोडवून बघा. कोळशाची ५८ वाघिणींची गाडी लूपवर, इंजिन पूर्वेला. इंजिनापासून २३ वी वाघीण तापली आहे. सायडिंग (वाघीण सोडायचा बाजूचा रूळ) लूपच्या पूर्व टोकाला फुटते आणि पश्चिमेकडे जाते.

१. २४ ते ५८ या वाघिणींचे हातब्रेक आवळा, पाचर लावा.
२. २३ आणि २४ च्या मध्ये तोडा.
३. इंजिन २३ वाघिणी घेऊन पूर्वेला सायडिंगच्या सांध्यापलीकडे जातं. २३ वाघिणींचे २४६ मीटर अधिक इंजिन २० मीटर. एवढी जागा पुढे मोकळी हवी.
४. सांधा सायडिंगकडे, ट्रॅप बंद. ढकलत २३ वी आत. ती फाउलिंग मार्कच्या पुरेशी आत गेली पाहिजे.
५. तिचा हातब्रेक, पाचर, साखळी. २२ आणि २३ च्या मध्ये तोडा.
६. इंजिन २२ घेऊन बाहेर. सांधा परत लूपला.
७. मागे येऊन २४ ला जोडा, झटका, नळ्या, हवा, टोकापर्यंत ब्रेक लागतो-सुटतो याची चाचणी.
८. आता ५७ वाघिणी, वजन कमी झालेलं. ते कागदावर बदलल्याशिवाय गाडी सुटत नाही.

हे नीट पार पडलं तर तासाभरात होतं. २३ वी ऐवजी ५३ वी तापली असती तर? तिसऱ्या पायरीला जवळपास ५९० मीटर मोकळे लागले असते. मग मार्ग पुढच्या स्टेशनापर्यंत अडवावा लागला असता. अशा वेळी मागच्या टोकाने काम करायला दुसरं इंजिन मिळतं का, ते पाहतात. बाहेरून फक्त गाडी उभी दिसते.

वहीत काय टिपायचं

इंजिनाचा प्रकार, नंबर आणि त्यावर रंगवलेलं शेडचं नाव. डब्ल्यूएजी-९ वर अजनी किंवा भुसावळ दिसेल. वाघिणींची संख्या पुढून एकदा आणि मागून एकदा मोजा, दोन्ही जुळेपर्यंत. प्रत्येक तोडणीची आणि जोडणीची वेळ. इंजिन का थांबलं याचा तुमचा अंदाज, आणि तो नंतर खरा निघाला का. पहिल्या दोन-तीन खेपांत बहुतेक अंदाज चुकतात.

गाडी सुटताना शेवटच्या वाघिणीमागची किंवा ब्रेकव्हॅनमागची शेवटच्या डब्याची पाटी किंवा लुकलुकणारा लाल दिवा बघून घ्या. ती खूण नसेल तर गाडी पूर्ण गेली नाही, मागे काहीतरी सुटलं असं समजून पुढचं स्टेशन खडबडून जागं होतं. पण गाडी वळणाआड गेली म्हणून निघू नका. हाताने चालणारा सायडिंगचा सांधा असेल तर सांधेवाला तो सरळ करतो, कुलूप लावतो आणि किल्ली काढून घेतो. अनेक छोट्या स्टेशनांत ही किल्ली स्टेशन मास्तरच्या खोलीतल्या यंत्रात परत बसेपर्यंत मुख्य मार्गाचा सिग्नल पडत नाही. फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघणारे लोक घड्याळाकडे बघत असतात, आणि सांधेवाला किल्ली हातात घेऊन रुळाच्या कडेने येत असतो.